दोन्ही ठेवा

माझ्या वहिनींबद्दल आजवर कोणी चार ओळी लिहिलेल्या नाहीत. त्यांनी स्वतः तर लिहिल्या नसत्याच, कारण नोकरीची सगळी वर्षं त्या दुसऱ्याचं लिहिलेलं टाईप करत आल्या. मलाही लिहायची सवय नाही. माझी नोकरी पाण्याचे मीटर तपासण्यात गेली, तिथे आकडा लिहिला की काम संपायचं. इथे कुठे थांबायचं ते मला नीट कळणार नाही. जमेल तसं सांगतो.

आम्ही एकाच घरात राहतो. खाली दादा आणि वहिनी, वर मी एकटा. चहाला आणि जेवायला मी खाली असतो, म्हणजे झोप सोडली तर खालीच असतो.

वहिनी नाकासमोर चालणाऱ्या. कागदावर जे असेल ते खरं, त्यात आपण डोकं घालायचं नाही, हा त्यांचा नियम. कचेरीत असताना त्यांच्या साहेबाने एका पत्राच्या मसुद्याच्या कडेला स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं, ‘दुपारी चष्मा आणणे.’ वहिनींनी ते पत्रात टाईप केलं, साहेबाने न वाचता सही ठोकली, आणि पत्र गेलं. पलीकडच्या खात्यातून रीतसर उत्तर आलं की चष्म्याबाबत आमच्याकडे कोणतीही नोंद आढळत नाही. दादा ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतो. वहिनी अजून म्हणतात, “कागदावर होतं.”

दुसरी सवय म्हणजे त्यांना काही टाकवत नाही. वस्तूंपेक्षाही माणसांचं मन मोडवत नाही. स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत, एक त्यांच्या आईने दिलेलं, एक आमच्या आईचं. दोघांची वेळ कधीच जुळत नाही. एक काढून ठेव म्हटलं तर म्हणतात, कुणाचं काढू? दादा पुढे पळणाऱ्या घड्याळावर घरातून निघतो आणि मागे रेंगाळणाऱ्या घड्याळावर परत येतो, त्यामुळे तो कधी उशिरा आला असं होत नाही.

निवृत्तीनंतर वहिनींना विणकामाने धरलं. पूर्वी एका लोकरीच्या दुकानाच्या माळ्यावर शिकवणी चालायची, तिथल्या पाच-सहा मैत्रिणी नंतर वेगवेगळ्या गावी पांगल्या. त्यात एक मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झाल्या तरी बोलणं अजून फळ्यासमोरचं. दुसऱ्या नर्सबाई, यांनी एवढी बाळं हाताळलेली की बाळाच्या अंगातल्या कपड्याबद्दल कोणी दुसऱ्याने बोललेलं त्यांना चालत नाही. आणखी दोघी-तिघी होत्या, त्या या दोघींच्या मध्ये सहसा पडत नसत. या सगळ्या मिळून नव्या विणी रचायच्या आणि इंटरनेटवरच्या एका फुकट जागेत ठेवायच्या. एके दिवशी त्या जागेच्या मालकाने दुकान बंद केलं. सगळ्या विणी गेल्या. कोणाकडे तक्रार करायची तेही कळेना. मास्तरीणबाईंनी तेव्हा जाहीर केलं की यापुढे परक्याच्या कपाटात आपलं काही ठेवायचं नाही.

यावर तोड काढली ती माझ्या पुतणीने, म्हणजे दादा-वहिनींच्या मुलीने. ती दूर नोकरीला आहे. सुट्टीत आली तेव्हा तिने वहिनींच्या कॉम्प्युटरवर एक नवीन सॉफ्टवेअर घातलं आणि बाकीच्यांनाही फोनवर सांगून सांगून घालायला लावलं. ती मला जे म्हणाली ते असं, की प्रत्येकीच्या घरात एकसारखी टोपली आहे असं समजा. एकीने आपल्या टोपलीत काही टाकलं की ते बाकी सगळ्यांच्या टोपलीत आपोआप उमटतं. मध्ये कोणी मालक नाही, कोणाचं कपाट नाही. एक कॉम्प्युटर थेट दुसऱ्याशी बोलतो. टोपली हे नाव तेव्हापासून पडलं, सॉफ्टवेअरचं खरं नाव आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही.

टोपलीत मास्तरीणबाई लिहायच्या, नर्सबाई खोडायच्या, बाकीच्या बरं बरं म्हणायच्या. वहिनींनी त्यात एक अक्षर कधी लिहिलं नाही. त्यांचं काम विणून बघण्याचं. वीण तयार झाली की त्या ओळीओळीने विणायच्या, फोटो काढून टोपलीत ठेवायच्या. जमलं तर सगळ्या एकमेकींचं कौतुक करायच्या. वहिनींचं कोणी विशेष करत नसे, त्यांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

गेल्या थंडीत एका लोकरीच्या कंपनीने या मंडळींना विचारलं. लहान बाळाच्या स्वेटरची नवी वीण हवी होती, ती छापील पत्रकावर लोकरीच्या प्रत्येक गठ्ठ्यासोबत द्यायची, वर स्वेटरचा रंगीत फोटो. वीण आणि विणलेला स्वेटर दोन्ही महिनाअखेरीला पोचायला हवे होते. टोपलीत एकच गलका उडाला. वहिनी त्यात काही बोलल्या नाहीत. पण संध्याकाळी मी वर निघालो तेव्हा जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं. आत दादा ऐकत नाही ना, हे बघितलं आणि म्हणाल्या, “भावजी, फोटोतला स्वेटर माझ्या हातचा असणार. आत्तापर्यंत जे काही छापून आलं, ते माझ्या हातून गेलं. माझं असं हे पहिलंच.”

मी म्हटलं, छान. मला याहून मोठं बोलता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्यांना हवी तशी फिकट निळी लोकर शोधून आणली, तीन दुकानं पालथी घालून.

पाठ झाली, बाह्या झाल्या. घोडं अडलं गळ्यापाशी. मास्तरीणबाईंचं म्हणणं गोल गळा, साधा, नीटनेटका. नर्सबाईंचं म्हणणं बाळाचं डोकं मोठं असतं, तेव्हा गळा खांद्यावर उघडणारा, बटणांचा. नेमकं त्याच आठवड्यात मास्तरीणबाईंच्या गावचं इंटरनेट बंद पडलं. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर गोल गळा लिहून काढला. इकडे नर्सबाईंनी त्याच जागी बटणांचा लिहिला. एकीला दुसरीचा पत्ता नाही. इंटरनेट परत आलं तेव्हा ही दोन लिखाणं वहिनींच्या टोपलीत समोरासमोर आली.

अशा वेळी ते सॉफ्टवेअर विचारतं. एकाच जागी दोघींनी वेगवेगळं लिहिलंय. हे ठेवू, ते ठेवू की दोन्ही ठेवू? का कोण जाणे, हा प्रश्न नेहमी वहिनींच्याच पडद्यावर यायचा. आणि वहिनी, ज्यांच्या घरात दोन घड्याळं आहेत, त्या दर वेळी एकच बटण दाबायच्या. दोन्ही ठेवा. एवढ्या कष्टाने कोणी लिहिलेलं आपण कोण पुसणार? मग सॉफ्टवेअर दोन्ही मजकूर एकाखाली एक लावायचं. आधी अशा वेळी बाकीच्या जणी वाचून सारखं करून घ्यायच्या. या खेपेला महिना संपत आला होता, आणि दुसरीने वाचलं असेल असं समजून कोणीच वाचलं नाही.

वहिनींनी विणलं. कागदावर होतं तसं.

तो स्वेटर मी पाहिला तेव्हा आधी मला वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय. छातीवर सुंदर काठ घातलेला गोल गळा होता. त्याच्या वर चार बोटं विणकाम पुन्हा सुरू होऊन आणखी एक गळा होता, खांद्यावर तीन बटणांचा. पुढचा भाग पाठीपेक्षा इतका लांब झाला होता की स्वेटर टेबलावर ठेवला तर मान खाली घालून बसल्यासारखा दिसायचा. काम मात्र असं की एक टाका इकडचा तिकडे नाही.

“वहिनी,” मी भीत भीत म्हटलं, “याला दोन गळे आहेत.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “मलाही जरा जास्त वाटले. पण दोघींनी लिहिलेत.”

आणि त्यांनी फोटो टोपलीत ठेवला.

पुढच्या दोन दिवसांत टोपलीत जे आलं ते सगळं मी इथे उतरवत नाही. मास्तरीणबाईंनी विचारलं, हा स्वेटर कोणत्या प्राण्यासाठी आहे. नर्सबाईंनी लिहिलं, गोल गळ्याचा हट्ट धरला नसता तर ही वेळ आली नसती. त्यावर मास्तरीणबाई, न सांगता दुसऱ्याच्या वहीत लिहिणाऱ्या मुलांना आम्ही वर्गाबाहेर उभं करायचो. शेवटी दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं. ते मास्तरीणबाईंनी लिहिलं, “विणणारीला समोर ठेवलेलं नीट विणायचं एवढं एकच काम होतं.”

वहिनींनी ते वाचलं. मी बाजूलाच चहा घेत होतो. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, पुन्हा वाचलं. मग खाली वाकून त्यांनी कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून काढला आणि वायर नीट गुंडाळून वर रबर लावला. तो कॉम्प्युटर बंद झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. खोलीत इतकी शांतता झाली की दोन्ही घड्याळं ऐकू यायला लागली.

“लोकरीच्या कंपनीचं काय?” मी विचारलं.

“त्यांना फोटोसाठी विणणारी दुसरी मिळेल,” वहिनी म्हणाल्या आणि भाजी चिरायला बसल्या. नेहमीपेक्षा बारीक चिरली.

तिसऱ्या दिवशी मला फोन यायला लागले. वहिनी उचलत नव्हत्या, म्हणून मला. या सगळ्या मला भावजीच म्हणतात, माझं नाव त्यांना माहीत नसावं. आधी मास्तरीणबाई. त्यांनी म्हणे रागाच्या भरात टोपलीत पानभर लिहिलं, मग वाईट वाटलं म्हणून आणखी पानभर लिहिलं, त्याला एकीचंही उत्तर नाही. माझ्यावर बहिष्कार टाकलाय का, हे मी सांगावं. मी म्हटलं मला काही कल्पना नाही. दुपारी नर्सबाई. त्यांनी माफी मागितली होती, मास्तरीणबाईंनी साधी दखल घेतली नाही, एवढा ताठा बरा नव्हे. मी म्हटलं मला काही कल्पना नाही. संध्याकाळी आणखी एकीचा फोन आला. टोपलीत किती छान शांतता आहे, दोघींचं मिटलं वाटतं, असं त्या म्हणाल्या.

मला फोनवर बोलायला फार अवघड जातं. म्हणून मी पुतणीला फोन करून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि मग एकदम हसायलाच लागली.

“काका, आईचा कॉम्प्युटर बंद आहे ना? मग एकीचं दुसरीला पोचणार कसं?”

तिने समजावलं ते असं. मध्ये मालक नाही म्हणजे निरोप ठेवून घेणारंही कोणी नाही. दोन टोपल्या एकाच वेळी उघड्या असतील तरच इकडचं तिकडे जातं. मास्तरीणबाई कॉम्प्युटर लावतात पहाटे, कारण नंतर त्यांचा मुलगा तो कामावर घेऊन जातो. नर्सबाई लावतात दुपारी जेवण झाल्यावर. बाकीच्या संध्याकाळी. यांची गाठ कधीच पडत नव्हती. इतकी वर्षं प्रत्येकीचं लिखाण आधी वहिनींच्या कॉम्प्युटरवर यायचं, तिथे थांबायचं आणि दुसरी उगवली की तिच्याकडे जायचं. भांडणसुद्धा वहिनींच्या हातून पलीकडे जात होतं. म्हणून तो प्रश्नही त्यांनाच विचारला जायचा. दोन्ही लिखाणं भेटायची तीच एक जागा होती.

“पण आई तो कॉम्प्युटर कायम चालू का ठेवते?” पुतणीने विचारलं.

वहिनी भाजी चिरत होत्या, मी जाऊन त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “तीच म्हणाली होती. बसवला तेव्हा म्हणाली, आई, हे चालू असू दे.”

मी निरोप दिला. पलीकडून पुतणी मग म्हणाली, “अहो, ते त्या संध्याकाळपुरतं. सॉफ्टवेअर उतरेपर्यंत.”

झालं म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून वहिनींनी तो आजपर्यंत बंद केला नव्हता. दादा शेजारी बसून ऐकत होता. म्हणाला, “म्हणजे आमची बायको बंद पडली की सगळं बंद पडतं. एवढ्यासाठी शिकलेल्या मुलीला फोन कशाला? मला विचारायचं.”

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. पण चिरता चिरता त्यांचा हात थांबला होता.

मास्तरीणबाईंना हे मीच फोन करून सांगितलं. माझ्या आयुष्यात मी आपण होऊन केलेले फोन फार थोडे आहेत. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “पण ती तर टोपलीत कधी काही लिहीत नाही.”

मी म्हटलं, “लिहीत नाहीत. आणि तुम्ही लिहिलेलं पुसतही नाहीत. दोन गळे त्यामुळेच झाले.”

मग त्या हळू म्हणाल्या, “तिला द्या जरा.”

वहिनी फोनवर फक्त हं हं करत होत्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन ठेवून त्या आतून दोन गळ्यांचा स्वेटर घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “चला शेजारी.”

शेजारी एक गुटगुटीत बाळ आहे. वहिनींनी त्याच्या आईला विचारून तो स्वेटर त्याला घालून बघितला. आधी डोकं वरच्या, बटणांच्या गळ्यातून काढलं. सहज निघालं, बाळ हसलं. मग खालच्या गोल गळ्यातून. तिथे कानापाशी अडलं. थोडं ओढलं, तसं बाळाने भोकाड पसरलं. शेवटी डोकं बाहेर आलं, पण आता वरचा गळा बाळाच्या डोक्यावर धुराड्यासारखा उभा राहिला. बाळाची आई हसून हसून खालीच बसली. मीही हसलो. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बाळाचा लाल झालेला कान चोळत विचार करत होत्या.

घरी येऊन त्यांनी रबर काढला आणि प्लग लावला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्यांच्या टोपल्या एकेक करून उघडल्या आणि साठलेलं सगळं येऊन पडलं. रागावलेलं पान, वाईट वाटलेलं पान, माफी, टोमणे, कोणाचं आधी कोणाचं नंतर काही कळेना. आणि सगळ्यात वर तोच प्रश्न. मधल्या दिवसांत मास्तरीणबाईंनी बटणं उडवून गोल गळा पक्का केला होता आणि नर्सबाईंनी गोल गळा उडवून बटणं पक्की केली होती. हे ठेवू, ते ठेवू की दोन्ही ठेवू?

वहिनी पडद्याकडे बघत बसल्या. मग मला म्हणाल्या, “भावजी, तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हटलं, “तसे दोन्ही चांगले आहेत.”

“दोन्हींचा एक करून ठेवलाय मी. तो आत पडलाय.”

पुढे त्या म्हणाल्या, “मास्तरीणबाईंची माझी ओळख सगळ्यांत जुनी. पहिला उलटा टाका त्यांनीच हात धरून शिकवला.” मग त्यांनी नर्सबाईंचा गळा ठेवला. बटण दाबताना डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मास्तरीणबाईंचं लिखाण गेलेलं होतं. त्यानंतर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी टोपलीत स्वतःचं असं काही लिहिलं. टाईप करायला वेळ लागला नाही, तो हात तयारच होता. वेळ आधी लागला.

‘गळा एकच ठेवला आहे. बटणांचा. गोल गळ्यात बाळाचा कान अडकतो. घालून पाहिला. रागावू नये.’

नर्सबाईंचं उत्तर त्याच दुपारी आलं, भरभरून. मास्तरीणबाईंचं त्या दिवशी येणं शक्यच नव्हतं, त्यांचा कॉम्प्युटर पहाटेच लागतो. तोपर्यंत वहिनींनी नव्या स्वेटरचा एकही टाका घातला नाही. जेवण केलं, पण मीठ दोनदा पडलं. दादाने ते न बोलता खाल्लं. दादा न बोलता काही खातो हे घरात फार कमी वेळा घडलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी चहाला खाली उतरलो तेव्हा वहिनी विणायला बसल्याच होत्या. पडद्यावर मास्तरीणबाईंचं उत्तर होतं. पानभरापेक्षा कमी कधी न लिहिलेल्या बाईंनी दोनच शब्द लिहिले होते, ‘बरं. वीण.’

स्वेटर वेळेत गेला.

पत्रक छापून आलं तेव्हा वहिनींनी ते पाकीट मलाच फोडायला सांगितलं. फोटो मोठा होता, रंग उत्तम आला होता. गुबगुबीत बाळ, निळा स्वेटर, टाकान्‌टाका दिसत होता. फक्त बाळाने ऐन वेळी हनुवटी छातीला टेकवली होती आणि फोटो काढणाऱ्याला तेच गोड वाटलं असावं. बाळाच्या दुहेरी हनुवटीखाली गळा पूर्ण झाकला गेला होता. गोल आहे, बटणांचा आहे की मुळात आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

पहाटेच मास्तरीणबाईंचा मला फोन. वीण नर्सबाईंची छापलीय ते ठीक, पण फोटोत गळा गोल वाटतो, नाही का भावजी? दुपारी नर्सबाई. बटणं दिसत नसली तरी ठेवण सांगतेच ना? मी दोघींनाही हो म्हटलं.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्या पत्रक हातात धरून खिडकीपाशी उभ्या होत्या. बाळाच्या बाहीवरचे टाके बोटाने मोजत होत्या. मला म्हणाल्या, “बघा. फोटोवाल्याने दोन्ही ठेवले.”

दोन गळ्यांचा स्वेटर त्यांनी उसवला नाही. तो आता माझ्या गरम पाण्याच्या पिशवीला असतो. वरच्या गळ्यातून पिशवीचं तोंड बाहेर येतं, खालच्यातून हात आत घालून शेकता येतो. माझ्या माहितीत या कामासाठी इतकी सोयीची दुसरी वस्तू नाही. पुतणीने सुट्टीत येऊन आईला नीट समजावून सांगितलं की कॉम्प्युटर अधूनमधून बंद केला तरी चालतं, बाकीच्या जणींनी आपापसात वेळ ठरवून घ्यावी. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर चालू आहे.